फुप्फुसाचा स्कॅन आणि त्यानंतरचे तेरा महिने

2023 च्या दिवाळीनंतर आमच्या कंपनीच्या शॉपमधला एक सोबती गेला. नाशिकच्या सातपूरला एकाच शेडमध्ये आम्ही 22 वर्षं काढली होती. ऑगस्टमध्ये खांदा दुखतोय म्हणून तो हाडांच्या डॉक्टरकडे गेला, दोन महिने शेक आणि व्यायाम झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कळलं की दुखणं खांद्याचं नव्हतंच. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती आणि ती पसरली होती. अमरधामच्या फाटकाबाहेर आम्ही सहा जण उभे होतो. सहाही जणांच्या हातात सिगरेट होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माझं वय तेव्हा 57. सिगरेट लागली 1988 मध्ये, डिप्लोमा संपवून कामाला लागलो त्या वर्षी. फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी कुठे होते, किती पैसे पडतात, रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं, हे विचारायला मला ओळखीतलं कुणी सापडलं नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय. स्कॅनपेक्षा त्याच्या आगेमागे सिगरेटचं काय झालं ते जास्त लिहिणार आहे, कारण खरी अडचण तिथे होती.

डिसेंबरात बायकोने हट्टाने छातीचा एक्स-रे काढायला लावला. 400 रुपये. रिपोर्ट नॉर्मल. मी खूश झालो, ती झाली नाही. "अहो, त्यांचाही एक्स-रे आधी नॉर्मलच आला होता," म्हणाली. खरं होतं ते. मग तिनेच गंगापूर रोडवरच्या एका छातीविकारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

8 जानेवारी 2024, सोमवार. तपासणी फी 700. सव्वा तास थांबलो, आत पंचवीस मिनिटं मिळाली. मॅडमनी आधी विचारलं : थुंकीत रक्त? वजन कमी झालंय? खोकला वाढलाय? आवाज बसलाय? सगळ्याला नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "यातलं एकही असतं तर आपण वेगळ्या वाटेने गेलो असतो. स्क्रीनिंग त्रास नसलेल्या माणसाचं करतात." हे नीट लक्षात ठेवा. त्रास सुरू झाला असेल तर स्क्रीनिंगच्या विचारात वेळ घालवू नका, सरळ डॉक्टर गाठा.

मग हिशेब. दिवसाला किती, असं विचारल्यावर मी "दहा-बारा" म्हणालो. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "दीड पाकीट." मॅडमनी तिचंच लिहून घेतलं. हा हिशेब 'पॅक-इयर'मध्ये करतात : रोज 20 सिगरेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-इयर. आपल्याकडे पाकीट बहुतेक दहाचं मिळतं, तिथे घोटाळा होतो. माझी 36 वर्षांची सरासरी रोजच्या 14 धरली, म्हणजे 25 पॅक-इयर. अमेरिकेत 2021 पासून 50 ते 80 वयाच्या, निदान 20 पॅक-इयर ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेल्या माणसाला दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन करायला सांगतात. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, फुप्फुसाचा नाही. त्यामुळे खर्च आपला आणि निर्णयही आपलाच.

मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. आपल्या भागात जुन्या टीबीचे डाग खूप जणांच्या छातीत असतात, स्कॅनमध्ये ते दिसतात आणि माणूस विनाकारण घाबरतो. कधीकधी पुढच्या तपासण्याही कराव्या लागतात. हे मान्य असेल तरच करा. मी मान्य केलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "सिगरेटचं काय करताय?"

मी म्हणालो, "आधी रिपोर्ट येऊ द्या, मग ठरवू."

त्यांनी ते माझ्या कागदावर तसंच्या तसं लिहिलं : 'रिपोर्टनंतर ठरवणार.' बोलल्या काही नाहीत.

आता सेंटर शोधणं. चिठ्ठीवर 'लो डोस सीटी' असं स्पष्ट लिहून घ्या, साधं 'सीटी चेस्ट' नको. पहिल्या सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, एकच असतं हो सगळं," आणि 4,500 सांगितले. एकच नसतं. साध्या छातीच्या सीटीत किरणांची मात्रा साधारण 7 मिलिसिव्हर्ट असते, लो डोसमध्ये दीडच्या आसपास. दरवर्षी करायचा स्कॅन म्हटल्यावर हा फरक महत्त्वाचा. दुसऱ्या सेंटरमध्ये तंत्रज्ञाशीच बोललो, त्याला नेमकं माहीत होतं. 3,200 रुपये, पावतीसकट. मेडिक्लेमवाल्यांनी सांगितलं की दाखल न होता केलेली तपासणी माझ्या पॉलिसीत बसत नाही. पण पावती जपून ठेवा. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत वजावटीत दाखवता येतात, रोख दिले असले तरी.

16 जानेवारी, मंगळवार, सकाळी साडेनऊची वेळ. उपाशी जावं लागत नाही, इंजेक्शनही नसतं. गळ्यातली चेन आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायच्या. सर्दी-खोकला असेल तर आधीच सांगा, ते तारीख पुढे देतात. मशीन बंद होतं म्हणून अकरापर्यंत बसावं लागलं आणि त्या दीड तासात मी जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही.

बाकावर आम्ही चौघं होतो. सिन्नरकडचे एक बाबा, पासष्टीचे, पांढरी टोपी, मुलगा सोबत. दिवसाला विडीचं एक बंडल. मुलगा चहा आणायला गेला तसे म्हणाले, "पोराच्या समाधानासाठी आलो, दादा. आता ह्या वयात सोडून काय व्हायचंय? जे व्हायचं ते आत होऊन बसलंय." कॉलेज रोडचे एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांचा हा तिसरा स्कॅन. त्यांचं गणित पक्कं होतं : "दरवर्षी करतो. काही निघालं तर लवकर निघेल, काढून टाकतील. मग सोडायची एवढी घाई कशाला?" चौथे गृहस्थ कोपऱ्यात गप्प होते. सहा वर्षांपूर्वी सोडली होती त्यांनी. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "मी आलोय हे घरी माहीत नाही. पुन्हा तेच ऐकावं लागतं, स्वतःच्या हाताने करून घेतलंस म्हणून."

बँकवाल्या साहेबांचं मला मनापासून पटलं होतं. मी स्वतः तोच विचार करून आलो होतो, फक्त त्यांच्याइतका स्वच्छ मांडला नव्हता.

स्कॅनला दोन मिनिटंही लागली नाहीत. हात डोक्यावर घेऊन आडवं व्हायचं, श्वास भरून रोखायचा, सोडायचा, झालं. बाहेर पडून मोटरसायकलला किल्ली लावायच्या आधी सिगरेट पेटवली. बाबा रस्त्यापलीकडे विडी पेटवत होते. आम्ही एकमेकांना हात केला.

रिपोर्ट 19 तारखेला, शुक्रवारी मिळाला. मॅडम बाहेरगावी, भेट 27 ची. मधले आठ दिवस रिपोर्ट माझ्याच हातात. एक सांगतो, भेटीची तारीख ठरल्याशिवाय रिपोर्ट उघडू नका. मी पार्किंगमध्येच उघडला. शेवटच्या 'इम्प्रेशन'च्या चौकटीत पहिलीच ओळ : उजव्या फुप्फुसात 5 मिलिमीटरची नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ. त्यापुढचं काही वाचलंच नाही. पाकिटात सात सिगरेटी होत्या, त्या तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आठ दिवस एकही ओढली नाही. तलफ येत होती, पण भीती तिच्यापेक्षा मोठी होती. रात्री दोनला उठून गॅलरीत बसायचो. बायको येऊन शेजारी बसायची, आणि आम्ही काही बोलायचो नाही.

27 जानेवारी. मॅडमनी सीडी लावून पडद्यावर दाखवलं. मसुराच्या डाळीएवढा ठिपका. 6 मिलिमीटरच्या आतला, कडा नीट, म्हणून कॅटेगरी 2 : कॅन्सर असण्याची शक्यता अगदी कमी, एका वर्षाने पुन्हा स्कॅन. बाजूला चुना साठलेला आणखी एक पांढरा डाग, तो बहुधा जुन्या संसर्गाचा. त्या पुढेही काही सांगत होत्या, मी मान हलवत होतो. ऐकू काही येत नव्हतं. सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी इंदिरानगरच्या घराजवळच्या टपरीवर गेलो आणि सिगरेट घेतली.

माझ्या सगळ्या अनुभवात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. वाईट बातमीच्या भीतीने जी सुटली होती, ती चांगल्या बातमीने परत आली. आठ दिवस न ओढता काढलेला माणूस मी. सगळ्यात कठीण दिवस मागे पडले होते. आणि 'रिपोर्ट चांगला आला' या आनंदात ते सगळं घालवलं. आठवड्यात पुन्हा दीड पाकीट.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी पुण्याहून आली. फाइल चाळत होती. स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, एम्फिसेमा म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. तिने बोट ठेवून दाखवलं. त्याच चौकटीतली तिसरी ओळ : दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात सौम्य एम्फिसेमा. पार्किंगमध्ये मी पहिल्या ओळीवर थांबलो होतो, आणि 27 तारखेला मॅडम बहुधा हेच सांगत होत्या, तेव्हा मी मान हलवत होतो. तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती धुराने फाटतात आणि फाटलेल्या परत जुळत नाहीत. ओढणं थांबवलं तर पुढची झीज मंदावते. चालू ठेवलं तर दम लागणं वाढत जातं. मला त्या वर्षी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागलं होतं. वय झालं, असं म्हणून ते सोडून दिलं होतं.

मी वाचला तो निम्मा रिपोर्ट. कॅन्सर नाही, हे खरं. पण फुप्फुसं चांगली आहेत असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

24 फेब्रुवारीला पुन्हा मॅडमकडे गेलो, पुन्हा 700. बँकवाल्या साहेबांचं गणित मी त्यांना विचारलं. त्यांनी कागदावर पाच गोल काढले. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 53 हजारांवर माणसांच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात एक्स-रेच्या तुलनेत लो डोस स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पाचातला एक वाचला. त्यांनी एक गोल खोडला. "हे चार राहिले. आणि हार्ट अटॅक, पक्षाघात, दमा या कागदावर आलेच नाहीत." मग म्हणाल्या की त्याच लोकांची माहिती पुढे तपासली, तेव्हा ज्यांना सोडून सात वर्षं झाली होती त्यांना नुसत्या सोडण्याचाही जवळपास तेवढाच फायदा दिसला. स्कॅन आणि सोडणं दोन्ही मिळून तो आणखी वाढतो. तो पाच गोलांचा कागद अजून माझ्या फाइलीत आहे.

तारीख ठरवली 3 मार्च, रविवार. सुट्टीचा दिवस, शॉपमधला पहिला चहा टळतो म्हणून. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागायची, त्यामुळे मॅडमनी निकोटीनची चावायची गोळी (निकोटीन गम) चार मिलिग्रॅमची लिहून दिली. ही गोळी च्युइंगगमसारखी चघळत बसायची नसते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस उचक्या आणि जळजळ झाली नसती. चार-सहा वेळा चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची. असं अर्धा तास. आणि चहा-कॉफी किंवा लिंबू सरबत प्यायलं असेल तर पंधरा मिनिटं थांबून मग, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. सुरुवातीला दिवसाला आठ लागायच्या, दुसऱ्या महिन्यात पाच, तिसऱ्यात दोन. दहाच्या पट्टीला 110 रुपये, तीन महिन्यांत जवळपास पाच हजार. महिन्याला सिगरेटवर माझे साडेसात हजार जायचे.

सिगरेटच्या पाकिटावर छापलेला, सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा नंबर मी कित्येक वर्षं बघत आलो होतो, 29 फेब्रुवारीला पहिल्यांदा लावला. फुकट असतो. मराठीत बोलायला मिळालं. समोरच्या ताईंनी नाव, वय, किती, कधीपासून हे विचारून तारीख नोंदवली आणि नंतर स्वतःहून फोन केले. उपदेश केला नाही. "दिवसातली सगळ्यात अवघड सिगरेट कुठली?" हा त्यांचा प्रश्न मला फार उपयोगी पडला.

माझी अवघड होती पहाटे पावणेसहाची, गॅलरीतली, चहासोबतची. कठड्यावर कप ठेवायचा, डाव्या हाताने आगपेटी, पहिली काडी वाऱ्याने विझायची, दुसरी ओंजळीत धरायची. 36 वर्षं हाताला ती ओंजळ करायची सवय. 4 मार्चला मी कप ठेवला आणि दोन्ही हात आपोआप तोंडाजवळ गेले, रिकामे. तिथेच उभा राहून रडू आलं. त्या दिवसापासून चहा स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभं राहून पितो. पहाटे गॅलरीत मी तीन महिने गेलो नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड, पोट साफ नाही, झोप तुटक. बायकोवर एकदा ताटावरून ओरडलो. दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला, काळसर कफ पडायला लागला आणि मी घाबरून मॅडमना फोन केला. श्वासनलिकेतले बारीक केस धुराने निजलेले असतात, ते पुन्हा कामाला लागले की आतला कचरा वर ढकलतात, म्हणाल्या. तीन आठवड्यांत तो कमी झाला. रक्त दिसलं तर मात्र लगेच या, हेही सांगितलं. वजन पाच किलो वाढलं.

कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर सव्वादहाला जाणं बंद केलं. सोबत्यांनी सुरुवातीला ओढून न्यायचा प्रयत्न केला, मग त्यातल्याच एकाने माझ्यासाठी चहा आत आणून द्यायला सुरुवात केली. तो अजून ओढतो. पण माझ्यासमोर नाही.

16 मे ला रामकुंडावर चुलत्यांची दशक्रिया होती. कावळा शिवेना. आम्ही भाऊ घाटावर उन्हात तासभर उभे. थोरल्या चुलतभावाने पाकीट पुढे केलं, आणि मी घेतली. त्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी एक. 17 मे ला रात्री ताईंना लागोपाठ तीनदा फोन केला. मला वाटलं होतं, आता सगळं पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, "75 दिवसांत तीन सिगरेटी झाल्यात. दीड पाकीट नाही. उद्याची ओढायची नाही, एवढंच बघा." गोळ्या पुन्हा महिनाभर वाढवल्या. त्यानंतर आजवर नाही. अंत्यविधी, दशक्रिया, लग्नातली रात्र, अशा ठिकाणी जाताना खिशात गोळ्या असू द्या.

दुसरा स्कॅन 21 जानेवारी 2025 ला, त्याच सेंटरमध्ये. वाढून 3,400 झाले होते. जुनी सीडी सोबत न्या, तुलना केल्याशिवाय दुसऱ्या स्कॅनला अर्थ नाही. यावेळी सेंटरला आधीच विचारून मॅडमची वेळ रिपोर्टच्याच दिवशी घेतली आणि रिपोर्टचं पाकीट त्यांच्यासमोर उघडलं. नोड्यूल 5 मिलिमीटरच. एम्फिसेमा आहे तेवढाच. चौकटीतल्या सगळ्या ओळी मी मोठ्याने वाचल्या आणि त्यांनी एकेक समजावली. त्या संध्याकाळी टपरीवरून गेलो नाही, लांबच्या रस्त्याने घरी आलो. आनंदाची भीती मला अजून वाटते.

सिन्नरचे बाबा त्या दिवशी बाकावर भेटले. मागच्या वर्षी त्यांच्या स्कॅनमध्ये काही निघालं नव्हतं, विडी चालूच होती. मी सोडली म्हटल्यावर त्यांनी माझ्या हाताची बोटं धरून उलटसुलट करून बघितली, पिवळेपणा गेलाय का म्हणून. "तुमचं जमलं," म्हणाले. मुलाने माझा नंबर घेतला.

गेल्या गुरुवारी रात्री फोन आला, बाबांचाच. यंदा नवीन गाठ दिसली आहे, 7 मिलिमीटरची. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बराच वेळ पोरांचं, कांद्याच्या भावाचं बोलत राहिले. मग म्हणाले, "दादा, तुम्ही त्या गोळ्या चघळता, त्या विडीवाल्याला चालतात का?"

चालतात म्हटलं, किती ताकदीच्या ते डॉक्टर सांगतील. मॅडमची मंगळवारची साडेदहाची वेळ घेतली आहे. ते सकाळच्या एसटीने निघतील. मी सीबीएस बसस्थानकावर जाऊन थांबणार आहे.